जुन्या अँपमध्ये डावा चॅनेल गायब होतो, व्हॉल्यूम खरखरतो: जोडण्या कशा साफ कराव्यात?

खारा_वारा

नमस्कार मंडळी, जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सेट असा आहे: १९७० च्या दशकाच्या अखेरचा जपानी इंटिग्रेटेड अँप (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात असलेला अँप्लिफायर), ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर, सीडी प्लेअर आणि मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसते तो भाग) टर्नटेबल. घर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यानंतर पुढील तक्रारी आहेत:

१. आवाज हळू ठेवला की डावा चॅनेल जातो, किंवा दबका आणि फाटका येतो. व्हॉल्यूम वाढवला की एकदम परत येतो आणि मग बराच वेळ ठीक चालतो.
२. व्हॉल्यूम फिरवताना दोन्ही बाजूंना खरखर.
३. टर्नटेबल लावला की घूं असा आवाज. सीडीवर नाही.
४. मागची आरसीए सॉकेट्स (सीडी, टर्नटेबलच्या वायरी लागतात ती) काळवंडली आहेत, स्पीकर वायरची टोके हिरवी पडली आहेत.

एकदाच सगळे साफ करायचे आहे. घरात डब्ल्यूडी-४० आणि सँडपेपर आहे. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमते. साफसफाईने आवाज खरेच सुधारतो का, हेही सांगा.

---

सुटी_तार

सँडपेपर आणि डब्ल्यूडी-४० दोन्ही आधी बाजूला ठेवा. कारण पुढे येईलच. आधी दोष कुठे आहे ते ठरवू, म्हणजे निष्कारण सगळा अँप उघडावा लागणार नाही.

तुमची पहिली तक्रार सगळ्यात बोलकी आहे. सोर्स सिलेक्टर आणि टेप मॉनिटरचा स्विच व्हॉल्यूमच्या अलीकडे असतात. व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी त्यांच्यातून जाणारा सिग्नल तेवढाच राहतो. मग व्हॉल्यूम वाढवल्यावर चॅनेल परत येत असेल, तर खराब कॉन्टॅक्ट व्हॉल्यूमच्या पलीकडे आहे. म्हणजे मुख्य संशयित चार: मागच्या बाजूचे प्रीआउट-मेनइन जंपर (प्रीअँप आणि पॉवर अँप जोडणारे), स्पीकर ए/बी स्विच, हेडफोन जॅक आणि आतला प्रोटेक्शन रिले (स्पीकरच्या संरक्षणाचा आपोआप चालणारा स्विच). कॉन्टॅक्टवर ऑक्साइडचा किंवा सल्फाइडचा पातळ थर चढलेला असतो. छोटा सिग्नल तो भेदू शकत नाही, मोठा आला की थर फुटतो आणि वाट मोकळी होते. आवाज हळू ठेवल्यावर फाटका येतो तोही याच थरामुळे.

अपवाद एक: व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) फिरल्यानेच त्याच्या आतला कॉन्टॅक्ट जागेवर आला असेल. म्हणून दोष हजर असताना व्हॉल्यूमला हात न लावता हे करून बघा.

स्पीकर स्विच ए-बी-ए असा चारपाच वेळा फिरवा. चॅनेल परत आला तर पहिला संशय स्विचवर. नाही आला तर अँप बंद करून स्पीकर बी टर्मिनलला लावा. ए वर दोष आणि बी वर स्वच्छ, तर स्विचच. दोन्हीकडे सारखाच, तर रिले किंवा जंपर. हेडफोनची पिन दहाबारा वेळा आतबाहेर करा. बऱ्याच मॉडेलमध्ये स्पीकरचा सिग्नल या जॅकच्या पत्तीतून जातो आणि ती पत्ती काळी पडते. मग अँप बंद करून जंपरच्या यू आकाराच्या पिना उपसून पुसा आणि परत लावा. अनेक जुन्या अँपचा ‘मेलेला’ चॅनेल एवढ्यानेच जिवंत होतो आणि झाकण काढायची वेळच येत नाही.

हे सगळे झाल्यावरही दोष राहिला तर रिले.

सोबत एक काम अजून: सीडीच्या आरसीए वायर अँपच्या बाजूला डावी-उजवी उलट करून लावा. दोष उजव्या स्पीकरात गेला तर तो सीडी किंवा वायरचा. डावीकडेच राहिला तर अँपपासून पुढचा. वायर बदलताना अँप बंदच ठेवायचा. आरसीएची मधली पिन कॉलरच्या (बाहेरच्या कड्याच्या) आधी टेकते आणि त्या क्षणी स्पीकरला मोठा दणका बसतो.

---

कळकट_पितळ

आमच्याकडे तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लख्ख होतात. स्पीकर वायरच्या हिरव्या टोकांना तेच केले तर? फुकटात काम.

---

सुटी_तार

@कळकट_पितळ, भांडे आपण नंतर वाहत्या पाण्याखाली धुतो. वायरच्या बारीक तारांमध्ये शिरलेले चिंच-मीठ धुऊन निघत नाही. आम्ल ऑक्साइड काढते हे खरे, पण मिठातला क्लोराइड मागे राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि पंधरा दिवसांत कळंक दुप्पट जोमाने येतो. समुद्राकाठी तर हवेतच क्लोराइड आहे, त्यात आणखी भर कशाला? लिंबू, व्हिनेगर आणि भांड्यांची पावडर यांनाही हेच लागू.

हिरव्या वायरला एकच उपाय: कापा. टोकापासून तीनचार सेंटिमीटर कापून आवरण सोला. आत लालसर चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे जात राहा. हिरवेपणा आवरणाखाली लांबवर गेला असेल तर वायरच बदला. १० मीटरपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची फ्लेक्सिबल वायर पुरते. तिचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ०.१५ ओहम होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांबे चढवलेली अॅल्युमिनिअम वायर आहे. खाऱ्या हवेत ती घेऊ नका, टोके फार लवकर सडतात.

---

मिलीओहम

कशावर काय वापरायचे यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानात मिळणारे आयपीए, तेल, बोटांचा चिकटा, धूळ आणि जुने वाळलेले वंगण काढते. ऑक्साइड आणि सल्फाइड ते काढत नाही. त्यामुळे ‘आयपीएने पुसले तरी फरक नाही’ ही तक्रार रास्तच असते. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन, सुगंध आणि पाणी असते.

ऑक्साइडसाठी डिऑक्सिट डी५ सारखा स्प्रे. त्यात काम करणारा घटक फक्त ५ टक्के असतो. बाकी वाहून नेणारे द्रावण आणि गॅस. म्हणजे फवारून लगेच पुसला तर उपयोग शून्य. थोडेसे लावायचे, कॉन्टॅक्ट घासला जाईल अशी हालचाल करायची, पाचदहा मिनिटे थांबायचे, जास्तीचे पुसून घ्यायचे. द्रावण ज्वलनशील आहे, तेव्हा अर्धा तास वाळल्याशिवाय प्लग लावायचा नाही. हा नाही मिळाला तर सीआरसी २-२६ मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. तो तेलकट थर मागे ठेवतो. स्विचला आणि पिनांना ठीक, व्हॉल्यूमच्या पॉटला नको.

नेहमीच्या निळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० यासाठी नाही. त्याचे तेल मागे राहते, धूळ धरते आणि वर्षभरात चिकट लगदा होतो. त्याच कंपनीचा वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो चालतो.

सँडपेपरचे म्हणाल तर आरसीए आणि स्पीकर टर्मिनलवर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा असतो. स्वस्त पिनांवर सोन्याचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो. एकदा घासलात की खालचे पितळ उघडे पडते आणि रत्नागिरीच्या हवेत ते पहिल्या पावसाळ्यातच काळे होते. सोनेरी पिन फक्त आयपीए आणि चष्म्याच्या कापडाने पुसावी. निकेलच्या सॉकेटवर शाळेतले पांढरे मऊ खोडरबर फिरवा. शाईचे खडबडीत खोडरबर नको, त्यात रेती असते. सॉकेटच्या बाहेरच्या कड्यावर खोडरबर हलक्या हाताने गोल फिरवायचे, भुगा ब्रशने झटकायचा, मग आयपीएचे कापड. भुगा सॉकेटच्या भोकात जाऊ नये म्हणून सॉकेटची बाजू खाली राहील असा सेट धरा.

मधल्या भोकासाठी दातांच्या फटींचा बारीक ब्रश उत्तम. त्याला डी५ चा एक थेंब लावून आतबाहेर करायचा, मग दुसरा कोरडा ब्रश. कापसाची काडी नको, तिचे तंतू पत्तीत अडकतात. शेवटी पिन घालून डावीउजवीकडे पाचसहा वेळा फिरवा. कॉलर सैल वाटत असेल तर काढून पक्कडीने अगदी किंचित दाबा, गच्च बसली पाहिजे. कॉलर सैल असली की घूं यायला एवढे पुरते, कारण अर्थची परतीची वाट तिच्यातूनच जाते.

आता ‘आवाज सुधारतो का’. हिशेबच बघा. स्पीकर ८ ओहमचा आणि जोडणीत ०.१ ओहम अडथळा असेल तर घट ०.१ डेसिबल. कानाला कळत नाही. अडथळा १ ओहम झाला तर घट १ डेसिबल, आणि ४ ओहमच्या स्पीकरला जवळपास २. हे कळते, विशेषतः एकच बाजू गेली असेल तर गाणारा मधून सरकून बाजूला उभा राहिल्यासारखा वाटतो. म्हणजे खराब जोडणी दुरुस्त केली की आवाज मूळ पातळीला येतो. आधीच चांगली असलेली जोडणी कितीही चमकवा, त्यातून नवे काही निघत नाही. जोडणी साफ केल्यावर ‘पडदा दूर झाला’ वगैरे वर्णने वाचून महागड्या बाटल्या घेऊ नका.

---

खारा_वारा

दोघांचेही मनापासून आभार. जंपर पुसले, स्पीकर स्विच आणि हेडफोन जॅक खेळवून झाले. दोष कमी झाला पण गेला नाही, ए आणि बी दोन्हीवर सारखाच आहे. म्हणजे रिलेच समजायचा ना? स्पीकरच्या जोडणीतला अडथळा मीटरवर कसा मोजावा? ओहमवर लावला तर कुठेही ०.४ दाखवतो.

---

मिलीओहम

ते ०.४ मीटरच्या स्वतःच्या वायरींचे आहे. साध्या मीटरने मिलीओहम मोजता येत नाहीत, पण त्या जोडणीवर पडणारे व्होल्टेज मोजता येते.

फोनमधून १०० हर्ट्झचा टोन लावा. स्पीकर टर्मिनलवर एसी २ व्होल्ट येईल एवढा आवाज ठेवा. ८ ओहमच्या स्पीकरमधून साधारण पाव अँपिअर करंट जाईल. आता एक प्रोब टर्मिनलच्या धातूवर आणि दुसरा त्यात बसवलेल्या वायरच्या उघड्या तांब्यावर टेकवा. २-३ मिलीव्होल्ट दाखवले तर अडथळा १० मिलीओहमच्या आसपास, उत्तम. २५ मिलीव्होल्ट म्हणजे ०.१ ओहम, सोलून परत बसवा. स्पीकरचा ओहम दर फ्रीक्वेन्सीला बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना महत्त्वाची. प्रोबचे टोक त्याच वेळी शेजारच्या टर्मिनललाही लागू देऊ नका, अँप शॉर्ट होईल. आणि मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असेल, जशी स्वस्त पिवळ्या मीटरवर असते, तर ही मोजणी होणार नाही. एसी मिलीव्होल्ट दाखवणारा मीटर लागेल.

वायर बसवताना १० ते १२ मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा, एकही तार बाहेर राहता कामा नये. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते आणि महिन्याभरात जोडणी आपोआप सैल होते.

---

सुटी_तार

हो, आता रिले. झाकण काढण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून चालणार नाही. आत दोन मोठे फिल्टर कपॅसिटर आहेत, त्यांच्यात प्रत्येकी ३५ ते ५० व्होल्ट साठलेले असू शकतात. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर क्लिपने प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांवर मिनिटभर धरा, मग मीटरने २ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. पेचकसने शॉर्ट करायची पद्धत वाईट. ठिणगीने कपॅसिटरही दुखावतो आणि बोर्डावरची तांब्याची पट्टीही उडते.

रिले म्हणजे स्पीकर टर्मिनलजवळची पारदर्शक किंवा काळी प्लास्टिकची डबी, अँप चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ करते ती. झाकण खाचेत पातळ पाते घालून निघत असेल तर काढा. आत पत्त्यांवर चांदीच्या मिश्रधातूचे छोटे गोल ठिपके दिसतील. ते काळपट, खडबडीत असतील. जाड गुळगुळीत कागदाची, म्हणजे व्हिजिटिंग कार्डची, ५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. तिला डी५ चा एक थेंब लावा. पट्टी दोन ठिपक्यांच्या मध्ये सरकवा, बोटाने पत्ती हलकेच मिटवा आणि पट्टी ओढून बाहेर काढा. कागदावर काळी रेघ उमटेल. रेघ फिकी होईपर्यंत दर वेळी कागदाची नवी जागा वापरत राहा. शेवटच्या दोन ओढी आयपीए लावलेल्या कागदाने आणि एक कोरडी. पत्ती वाकवू नका, तिचा दाब कमी झाला की रिले कामातून गेला. कानस, सँडपेपर पूर्ण बंद.

ही सफाई काही महिने चालते, कधी वर्षभर. ठिपक्यांना खड्डे पडले असतील तर नवा रिले टाकणे हाच खरा उपाय. साफ करण्याचा उपयोग दोष तिथेच आहे हे सिद्ध करण्यापुरता धरा.

एक इशारा: समुद्राकाठचे लोक टर्मिनलला सिलिकॉन ग्रीस लावतात. बाहेरच्या घट्ट केलेल्या स्पीकर टर्मिनलवर वरून पातळ बोट फिरवले तर फायद्याचे आहे, खारी हवा आत जात नाही. पण रिलेच्या किंवा स्विचच्या आसपास सिलिकॉन नको. त्याची वाफ ठिणगीत जळून काचेसारखा निरोधक थर बनतो.

---

मंद्र_सप्तक

व्हॉल्यूमच्या खरखरीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून.

पॉटच्या डबीला पायांजवळ एक फट असते. बारीक नळीने तिथून एक-दोन छोटे फवारे, बस. दांड्याच्या बाजूने फवारू नका. बटण फिरवताना जो मुलायम जडपणा लागतो तो तिथल्या दाट ग्रीसमुळे, ते धुऊन निघाले की बटण भोंगळ होते. मग पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसचाळीस वेळा फिरवा. कार्बन ट्रॅकसाठी वंगण असलेला, फेडरसाठीचा स्प्रे घ्या, डिऑक्सिटचा एफ५ त्यासाठीच आहे. नुसत्या आयपीएने पॉट धुतला तर दोन दिवस छान, मग कोरडा ट्रॅक झिजायला लागतो. बॅलन्स, बास, ट्रेबल यांनाही हेच करा. सिलेक्टरचा दोष दिसला नसला तरी झाकण उघडलेच आहे तर त्याच्या फटीत एक थेंब सोडून वीसपंचवीस वेळा फिरवून घ्या.

पण साफ करूनही खरखर चारआठ दिवसांत परत आली, तर पॉटला दोष देऊ नका. पॉटवर डीसी येत असावा. अँप चालू असताना, काळा प्रोब क्लिपने चॅसिसला लावून, एका हाताने लाल प्रोब पॉटच्या बाहेरच्या पायावर. डीसी चारपाच मिलीव्होल्टच्या वर असेल तर आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवणारा) गळतो आहे. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, टोके बघून बदलायचा. अशा वेळी स्प्रेच्या तीन बाटल्या संपवल्या तरी फरक पडत नाही.

टर्नटेबलची घूं: कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलीव्होल्ट येतात, सीडीच्या चारशेव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे जी घाण सीडीवर ऐकू येत नाही ती इथे गर्जते. आधी ग्राउंडची सुटी वायर. अँपच्या मागचा जीएनडी स्क्रू पूर्ण काढा, वायरची पत्ती आणि स्क्रूखालची जागा खोडरबरने चकचकीत करा, घट्ट बसवा. मग टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) टोकाला कार्ट्रिज धरणारा भाग, म्हणजे हेडशेल, रिंग सैल करून बाहेर काढा. त्याच्या मागे चार ठिपके आणि टोनआर्मच्या आत चार स्प्रिंगच्या पिना असतात. दोन्ही आयपीएच्या कापडाने पुसा, ठिपके काळे असतील तर खोडरबर. पातळ रबरी वॉशर हरवू नका.

कार्ट्रिजच्या चार पिनांवरचे टॅग (वायरींच्या टोकाच्या छोट्या क्लिपा) एकेक करून चिमट्याने काढा, टॅग धरून, वायर ओढून नव्हे. एकच सैल करायचा, पुसायचा, परत लावायचा, मग पुढचा. म्हणजे अदलाबदल होत नाही. झालीच तर लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस, पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस. सैल टॅग आत दात टोचायची काडी ठेवून किंचित दाबायचा. टॅग पिनवर असताना सोल्डरिंग आयर्न जवळ आणू नका, कार्ट्रिजची कॉइल सुटते.

हे करूनही घूं राहिली तर घराचे अर्थिंग तपासा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर वायरमनला बोलवा. घूं जावी म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन कापणारे लोक आहेत. कृपया ते करू नका, जिवाशी खेळ आहे. मेन्सच्या सॉकेटमध्ये कुठलाही स्प्रेही मारायचा नाही. सॉकेट सैल, तपकिरी किंवा गरम होत असेल तर एमसीबी पाडून सरळ नवा बसवा.

---

खारा_वारा

रिले उघडला. कागदावर अगदी काळीकुट्ट रेघ आली, आणि साफ केल्यापासून हळू आवाजातही डावा चॅनेल शाबूत आहे. ठिपक्यांना मात्र खड्डे आहेत, म्हणून नवा टाकणार. रिलेवर डीसी २४ व्होल्ट लिहिले आहे. इथे १२ व्होल्टचा मिळतोय, सोबत रेझिस्टर टाकून चालवता येईल का?

---

सुटी_तार

नको. या मापाच्या रिलेची २४ व्होल्टची कॉइल साधारण ११०० ओहमची असते, करंट २२ मिलीअँपिअर. १२ व्होल्टची कॉइल २७५ ओहमची, म्हणजे दुप्पट करंट, आणि तो चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर त्या हिशेबाने बसवलेला नसतो. तो गेला तर पुढे स्पीकरला संरक्षणच उरणार नाही. २४ चाच मागवा, दोन पोलचा (कॉन्टॅक्टच्या दोन जोड्या असलेला), कॉन्टॅक्ट निदान ५ अँपिअरचे. ऑर्डर करण्याआधी जुन्या रिलेच्या पायांमधली अंतरे मोजून डेटाशीटच्या आकृतीशी ताडून बघा. दिसायला सारखे असलेल्या रिलेंचे कॉइलचे पाय वेगळ्या जागी असतात.

बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवा आणि मेन्सला ६० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तेजच राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधा. बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळते, तेव्हा रिले ओढला गेला नाही तरी घाबरू नका. मग सिरीज काढून सरळ चालू करा, रिलेचे ‘टक्’ होऊ द्या आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडा. १०० च्या वर असेल तर जोडू नका, आकडा इथे लिहा.